देवाला राहायला जागा

माझी शेजारीण वारकरी. दर आषाढीला पायी पंढरपूरला जाते. नाताळचा फराळ द्यायला गेले तेव्हा तिनं विचारलं, ‘‘अगं, तुमच्या चर्चमध्ये ना मूर्ती, ना गाभारा. मग देव राहतो कुठे?’’ अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) आमच्या मंडळीत मी शब्बाथशाळेचा मोठ्या मुलांचा वर्ग घेते, पण इतका नेमका प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. ‘देव माझ्यात वस्ती करतो’ असं आम्ही ख्रिस्ती माणसं सहज म्हणून जातो. त्याचा अर्थ काय आणि शास्त्रातल्या आज्ञा पाळण्याशी त्याचा संबंध काय, हे तिला सांगितलं तसंच इथे सांगते.

सुरुवात तंबूपासून होते. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक सीनायच्या रानात होते. त्यांच्यात राहण्यासाठी देवानं निवासमंडप उभारायला सांगितला आणि मापंही दिली. आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवायचा कोश बाभळीच्या लाकडाचा, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. ‘निर्गम’ पुस्तकातले हे अध्याय मुलांना कंटाळवाणे वाटतात. नुसते आकडे, पडदे, कड्या, मेखा. म्हणून मी आधी मधली एक गोष्ट वाचून घेते. त्यांचा पुढारी मोशे डोंगरावर असताना लोकांनी कानांतल्या सोन्याच्या बाळ्या काढल्या, त्यांचं वासरू ओतलं आणि त्याच्यापुढे नाचले. पुढे मंडपासाठी दान मागितलं तेव्हाही लोकांनी बाळ्या-अंगठ्याच आणून दिल्या. दान इतकं आलं, की शेवटी मोशेला ‘आता पुरे’ अशी दवंडी पिटावी लागली. सोनं तेच, कानही तेच. वासरू मनाला आलं म्हणून झालं, मंडप सांगितल्याप्रमाणे झाला. पुस्तकाच्या अखेरीस, मोशेनं एकेक वस्तू देवाच्या आज्ञेप्रमाणे मांडली, हे पालुपदासारखं येत राहतं, आणि मग मेघ मंडपावर उतरतो. नुसता भक्तीचा उत्साह म्हणजे आज्ञापालन नव्हे. उत्साह वासराभोवतीही भरपूर होता.

पुढे शलमोन राजानं यरुशलेमात पक्कं मंदिर बांधलं. 60 हात लांब, 20 हात रुंद, 30 हात उंच. काम 7 वर्षं चाललं. गंधसरूच्या फळ्या आणि सोन्याचा मुलामा यांचं वर्णन रंगात आलेलं असतानाच मध्ये देवाचा निरोप येतो. तू माझे विधी पाळलेस तर मी इस्राएल लोकांमध्ये राहीन, असा त्याचा आशय आहे. भिंतींचं कौतुक त्यात औषधालाही नाही. लोक मात्र भिंतींवरच विसंबले. काही शतकांनी यिर्मया संदेष्ट्यानं त्याच मंदिराच्या दारात उभं राहून बजावलं, की मंदिर आपल्या गावात आहे म्हणून आपल्याला धक्का लागणार नाही, या भ्रमात राहू नका. परका, अनाथ आणि विधवा यांचा छळ थांबवा. चोरी करून, खोट्या शपथा वाहून पुन्हा इथेच येऊन उभे राहता, ते थांबवा. कुणी ऐकलं नाही. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं ते मंदिर जाळलं.

बायबलच्या नव्या करारात हाच धागा प्रेषित पौल पुढे नेतो. करिंथ हे ग्रीसमधलं बंदरांच्या जोरावर श्रीमंत झालेलं शहर. तिथे देवळांना तोटा नव्हता. एका जुन्या देवळाचे 7 दगडी खांब आजही उभे आहेत. ख्रिस्ती लोक मात्र घराघरांतून जमत. त्यांना पौल लिहितो, की देवाचं मंदिर तुम्हीच आहात, देवाचा आत्मा तुमच्यात राहतो. हे वचन आम्ही चौकटीत घालून भिंतीवर लावतो, पण अख्खं पत्र वाचायचं टाळतो. ती मंडळी गटबाजीनं पोखरलेली होती. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. काही जण वेश्यांकडे जात होते. प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडण्यासाठी, जमल्यावर पोटभरू लोक आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. अशा लोकांना पौलानं मंदिर म्हटलं ते शाबासकी म्हणून नव्हे, जाब विचारण्यासाठी. आमच्याकडेही मंडळीच्या जागेवरून कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडताना मी पाहिल्या आहेत. दोन्ही पक्षकारांच्या बैठकीत ते वचन चौकटीत होतं.

इथे वर्गातली हुशार मुलगी हमखास हात वर करते. ‘‘टीचर, मग सगळं पाळून लायक झाल्यावरच देव येणार का? तसं असेल तर तो कुणाकडेच येणार नाही.’’ मी तिला जक्कयाकडे नेते. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याला म्हणाला, आज मी तुझ्या घरी उतरणार. आधी सुधार, मग येतो, असं म्हणाला नाही. पाहुणा घरात आल्यावर जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं आणि फसवून घेतलेलं चौपट परत करण्याचं कबूल केलं. सीनायलाही क्रम हाच होता. आधी गुलामीतून सुटका, आज्ञा नंतर. आज्ञा पाळणं हे देवाला द्यायचं भाडं नाही. तो आला आहे, म्हणून घरातली मांडणी बदलावी लागते, आणि बहुतेक वेळा ती आपल्या गैरसोयीची असते.

ही मांडणी मी पुस्तकात वाचण्याआधी आजीकडून ऐकली. आजी मूळची गुजरातची. 1899-1900 च्या दुष्काळात अनाथ झाली आणि लहानपणीच केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पोचली. रमाबाईंनी यिर्मयाचं ऐकलं होतं, असं मला नेहमी वाटतं. विधवा, अनाथ, परक्या मुलखातल्या उपाशी पोरी, ज्यांना कुठेच थारा नव्हता त्यांना त्यांनी जागा केली. तिथल्या वास्तूंची नावंच बघा. विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन, समाजानं टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, दुबळ्या-म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, आणि शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तीमीच्या नावानं अंध मुलींसाठी बार्तीमी सदन. साध्या बायकांना कळावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. ते छापलंही तिथल्याच छापखान्यात. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, तोवर भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं.

त्या छापखान्यात आजी खिळे जुळवायची. उलटी अक्षरं सरळ वाचल्यासारखी वाचायची. तिला वचनं पाठ होती, पण ती म्हणून दाखवण्याची तिला हौस नव्हती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, ती डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडायची. वेदीशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, अशी येशूची शिकवण आहे. आजी ती शब्दशः पाळायची. एकदा विहिरीच्या पाण्यावरून धाकट्या जावेशी कडाक्याचं वाजलं होतं. चूक जावेची होती, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. आजी तरी गेली. मी विचारलं, ‘‘तू का जायचं?’’ ती म्हणाली, ‘‘चूक कुणाची ते शास्त्रात विचारलेलं नाही. जा एवढंच सांगितलंय.’’ जाऊबाईंनी त्या दिवशी दार उघडलं नाही. पुढच्या प्रभुभोजनाआधी आजी परत गेली.

म्हणून मी मुलांना उपदेशापेक्षा आठवड्याचं काम देते. यिर्मयाचा अध्याय झाला त्या रविवारी सांगितलं, ‘‘आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना सुट्टी घेतल्यावर काय मिळतं, ते विचारून या.’’ पुढच्या रविवारी उत्तरं आली. खाडा झाला की पैसे कापतात. आजारपणातही कापतात. एका घरात दिवाळीची साडी पगारात वळती केली होती. एका मुलानं घरी जेवणाच्या ताटावरच हा विषय काढला, आणि उपासनेनंतर त्याच्या आईनं मला आवारात गाठलं. आवाज चढलेला होता. शब्बाथशाळेत देवाधर्माचं शिकवायचं सोडून घरचे हिशेब कशाला काढता, म्हणाली. मी म्हटलं, ‘‘देवाधर्माचंच चाललंय.’’

दोन महिन्यांनी ती पुन्हा भेटली. ‘‘पैसे कापणं बंद केलं हो टीचर,’’ म्हणाली. ‘‘पण आता पुढच्या आठवड्याला जरा सोपं वचन घ्या.’’

पुढच्या आठवड्याला ‘शत्रूंवर प्रीती करा’ होतं.