हिंगोलीच्या चढांची बेरीज

दर चार वर्षांनी फ्रान्समध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सायकलफेरी निघते. 1891 साली शर्यत म्हणून सुरू झालेली ही फेरी आता शर्यत राहिलेली नाही. 1200 किलोमीटर 90 तासांत पुरे करायचे, एवढीच अट. वाटेत आल्प्स लागत नाही, पिरेनीजही नाही. रस्ता कुठंच समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या वर जात नाही. हिंगोली शहर साडेचारशे मीटरवर आहे, म्हणजे हा सगळा रस्ता आपल्या बसस्टँडपेक्षाही खालून जातो. तरी फेरी संपेपर्यंत चढांची बेरीज अकरा-बारा हजार मीटरच्या घरात गेलेली असते. नदीत उतरायचं, वर यायचं, पुढच्या ओढ्यात उतरायचं, पुन्हा वर यायचं. तीन-चार दिवस हेच.

2019 आणि 2023 साली या फेरीला भारतातून शेकडो सायकलस्वार गेले. ‘आमच्याकडं कुठं डोंगर आहेत, सरावाला लोणावळ्याला जावं लागेल’ असं मराठवाड्यातला सायकलवाला म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर टूर द फ्रान्समधला आल्प द्युएझ असतो: 21 वळणं, 13.8 किलोमीटर सलग चढ, सरासरी 8 टक्के. तसा घाट हिंगोली जिल्ह्यात नाही हे खरं. पण ब्रेस्टच्या रस्त्यासारखे रस्ते आहेत आणि ते घरापासूनच सुरू होतात.

इथले डोंगर म्हणजे अजिंठ्याच्या रांगेची पूर्वेकडं पसरलेली टोकं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले. कठीण थर टिकले, मऊ थर झिजले आणि जमिनीला जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या. म्हणून इथला चढ सलग नसतो. किलोमीटर-दीड किलोमीटर दम काढतो, मग माथ्यावर सपाटी, मग पुन्हा उतार. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांब आणि सरळ. डोंगराळ म्हणवणाऱ्या तालुक्यात एवढी सपाटीही मिळते, हे ध्यानात असू द्यावं.

आता एक फेरी घेऊ. हिंगोलीहून नर्सी नामदेव, सेनगाव, येलदरी, जिंतूर, औंढा नागनाथ आणि परत हिंगोली. अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटरांच्या मधलं. जिंतूर परभणी जिल्ह्यात येतं, पण पाणी काही जिल्ह्याच्या हद्दी पाळत नाही, आणि ही फेरी समजून घ्यायची तर पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते. हिंगोली आणि नर्सी दोन्ही कयाधूच्या काठी. कयाधू पैनगंगेला मिळते. येलदरीला धरण आहे ते पूर्णेवर, आणि पूर्णा सरळ गोदावरीला जाते. म्हणजे सेनगाव आणि येलदरीच्या मध्ये कुठंतरी आपण पाणलोटाचा माथा ओलांडतो. औंढ्याहून हिंगोलीला येताना तोच माथा दुसऱ्यांदा लागतो. पूर्णाही दोनदा ओलांडावी लागते, एकदा येलदरीजवळ आणि एकदा जिंतूर–औंढा रस्त्यावर. दोन माथे, दोनदा नदी. बाकीचे चढ ओढ्यानाल्यांचे. माथ्याच्या दोन बाजूंना पडलेलं पाणी मात्र थेट तेलंगणात कालेश्वरमला, पैनगंगेचं पाणी घेऊन आलेली प्राणहिता गोदावरीला मिळते तिथं, एकत्र येतं.

हे घरबसल्या कळतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषांमध्ये सहसा 20 मीटर उंचीचा फरक असतो. रस्त्यावर दोन सेंटिमीटर मोजायचे आणि तेवढ्यात किती रेषांचं अंतर चढलो ते बघायचं. 2 रेषा म्हणजे 40 मीटर, म्हणजे 4 टक्के चढ. 3 रेषा म्हणजे 6 टक्के. मोबाइलवरची ॲप हे आपोआप काढून देतात, पण उपग्रहाच्या उंचीच्या आकड्यांना पूल आणि रस्त्यासाठी फोडलेली टेकडी कळत नाही. ॲपमध्ये अचानक 15 टक्क्यांचा सुळका दिसला तर घाबरू नये, बहुतेक वेळा तिथं पूल निघतो.

चार टक्के म्हणजे पायांना काय? माणूस, सायकल, पाणी मिळून 85 किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी 25 ला जेवढा जोर लागतो, साधारण तेवढाच जोर 4 टक्क्यांच्या चढावर लावला तर वेग 11-12 वर येतो. सपाटीवर बहुतेक शक्ती वारा कापण्यात जाते, चढावर वजन उचलण्यात. आणि चढावर गेलेला वेळ उतारावर परत मिळत नाही, इथंच नव्या माणसाचा हिशेब चुकतो. 10 किलोमीटर चढ ताशी 12 ने आणि 10 किलोमीटर उतार ताशी 40 ने केला तर सरासरी 26 येईल असं वाटतं. प्रत्यक्षात चढाला 50 मिनिटं, उताराला 15, सरासरी अठराच्या जरा वर. घरी फोन करून वेळ सांगताना हाच आकडा धरावा.

गिअरचं गणितही असंच उघड आहे. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पायडलच्या एका फेऱ्यात सव्वापाच-साडेपाच मीटर जावंच लागतं. ताशी 10 ने चढायचं तर मिनिटाला तीसेक फेरे, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला अंगाचं सगळं वजन टाकायचं. गुडघे तिथंच जातात. रोड सायकलवर पुढं 34 आणि मागं 34 दात लावले की एका फेऱ्यात 2.1 मीटर, मिनिटाला 80 फेरे. श्वास लागतो, गुडघे वाचतात. सेंत-एतिएनचा पॉल द विव्ही ‘व्हेलोसिओ’ या नावानं शंभर वर्षांपूर्वी हेच लिहीत होता. टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज मात्र गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचं काम अशा मताचा. 1937 पर्यंत त्या शर्यतीत साखळी सरकवणारे गिअर वापरता आले नाहीत. आपल्याकडं आजही हलका गिअर लावायला लाजणारे देग्रांज पुष्कळ आहेत. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरवा. जोर पडल्यावर बदलला की साखळी कडकडते, कधी निसटते.

दिशेचाही विचार करावा. वर सांगितलेल्या क्रमानं गेलं तर सकाळी पश्चिमेला जाताना ऊन पाठीवर आणि दुपारनंतर जिंतूरहून पूर्वेला येतानाही पाठीवरच. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत ऊन जात नाही, आणि मला हे जास्त मोलाचं वाटतं. तोटा असा की हिवाळ्यातला वारा ईशान्य-पूर्वेचा, त्यामुळं परतीच्या वाटेवर तो तोंडावर येतो. जोर राखून ठेवायचा तो जिंतूरनंतरसाठी.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीचा लगदा सोडतात, आणि तो चाक आणि ब्रेकच्या मध्ये असा बसतो की सायकल उचलूनच न्यावी लागते. ऑक्टोबरात सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं असतं. त्यावरून वळताना ब्रेक दाबला की आडवं झालंच म्हणून समजा. दाणे दिसले की सरळ, सावकाश, ब्रेक न लावता जायचं. मळणी करणाऱ्यावर ओरडून उपयोग नाही, खळं आता रस्त्यावरच आलं आहे. वसमतकडं गेलात तर उसाच्या ट्रॉल्या आणि फेब्रुवारी-मार्चात हळदीची गडबड. मार्चनंतर दहाच्या पुढं उन्हात चढायचं धाडस करू नये.

उतारावर खरी भीती गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकाची. पांढरा पट्टा बहुतेक ठिकाणी पुसलेला असतो. शाळेची पाटी किंवा फाट्यावरची टपरी दिसली की पुढं गतिरोधक आहे असं धरून चालावं. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे असतात, म्हणून दोन ट्यूब आणि पंप हवाच. पंक्चरचं दुकान मिळेलही, पण ते मोटारसायकलच्या ट्यूबचं. रोड सायकलचा बारीक, लांब व्हॉल्व्ह त्याच्या नळीत बसत नाही. पितळेचं छोटं अडॅप्टर मिळतं, ते सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.