ताणात माणसाचा प्रकार बदलतो काय?

एनिअग्राम या नऊ स्वभावप्रकारांच्या पद्धतीबरोबर एक समजूतही आपल्याकडील सुशिक्षितांत अशी रुजत चालली आहे, की तिचा सविस्तर समाचार घेतल्यावाचून राहवत नाही. ती समजूत अशी, की मनावर ताण आला म्हणजे मनुष्य आपला मूळ प्रकार सोडून या पद्धतीच्या आकृतीतील बाणाने दाखवलेल्या दुसऱ्या प्रकारात प्रवेश करतो, स्वस्थता लाभली म्हणजे तिसऱ्यात जातो, आणि ही येरझार आकृतीतच नमूद असल्यामुळे तिचा जाब त्याला कोणी विचारू नये. 'मी वन आहे. ताण आला की फोर होतो, मग माझं माझ्या हातात राहत नाही,' ही कैफियत मी एवढ्या समंजस माणसांच्या तोंडून ऐकली आहे, की या पद्धतीच्या प्रमुख ग्रंथकारांनी असे शिकवलेले नाही, हे आरंभीच स्पष्ट सांगणे प्राप्त आहे.

आकृती अशी : वर्तुळाच्या परिघावर समान अंतरांवर नऊ बिंदू, तीन, सहा व नऊ यांना जोडणारा त्रिकोण, आणि उरलेल्या सहांना १–४–२–८–५–७–१ या क्रमाने जोडणाऱ्या रेषा. एकाला सातांनी भागले असता १४२८५७ हे अंक पुनःपुन्हा येत राहतात, तोच हा क्रम. तो कोणाच्या मनोव्यापारांचे निरीक्षण करून बांधलेला नाही. ही आकृती शिकवणाऱ्या जॉर्ज गुर्जिएफ यांना तीत विश्वातील प्रक्रियांचा नियम दिसत होता, आणि त्यांचे शिष्य उस्पेन्स्की यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे विस्तृत विवेचन असूनही नऊ स्वभावांचा त्यात मागमूस नाही. स्वभावप्रकार त्या बिंदूंवर बसवले ते ऑस्कर इचाझो यांनी. चिलीतील अरिका येथे १९७० साली त्यांच्याकडे शिकलेले मनोविकारतज्ज्ञ क्लाउदिओ नारान्हो यांनी त्या प्रकारांना मानसशास्त्राची परिभाषा दिली. आणि डॉन रिचर्ड रिसो व हेलन पामर यांच्या अनुक्रमे १९८७ व १९८८ सालच्या पुस्तकांनी ते सामान्य वाचकापर्यंत नेले. रिसो यांनी वरील क्रमाला, आणि त्रिकोणातील ९–६–३–९ या क्रमाला, विघटनाची दिशा म्हटले व उलट क्रमाला एकात्मतेची. पामर यांनी त्याच रेषांचे विवेचन ताण आणि सुरक्षितता या शब्दांत केले.

आता मुद्दा असा, की रिसो यांच्या मते प्रकार ठरतो तो माणसाच्या मूळ प्रेरणेवरून, म्हणजे त्याला सर्वांत अधिक भय कशाचे आणि आस कशाची यावरून. आणि त्यांनी तर मूळ प्रकार आयुष्यभर बदलत नाही, असे निःसंदिग्ध सांगितले आहे. मार्चअखेरचे एखादे कार्यालय डोळ्यांपुढे आणा. ताळेबंद जुळत नाही. सहकाऱ्याने खतावणीत ओढलेली चुकीची रक्कम हेडक्लार्कांनी हुडकून काढली, तिच्याभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ केले, आणि ते पान दुरुस्तीसाठी परत न पाठवता रात्री साडेनऊपर्यंत बसून स्वहस्ते पुन्हा लिहिले. दुसऱ्या दिवशी ते डबा एकटेच खातात आणि कोणी विचारलेच तर 'इथं कुणाला काय पडलंय' एवढेच बोलतात. पहिल्या प्रकारचा मनुष्य चौथ्याच्या उदासीकडे सरकतो असे जे म्हणतात, ते हे. परंतु हे गृहस्थ चौथे झाले काय? चौथ्या प्रकाराची तळमळ आपले वेगळेपण गवसावे ही असते. यांना त्या वेगळेपणाशी काडीचे कर्तव्य नाही. त्यांना सलते ते एवढेच, की नियमाने चालणारा मी एकटा आणि त्याची कोणी दखलही घेत नाही. कालच्या रागाचे मूळ योग्यायोग्याच्या ज्या आग्रहात होते, त्याच आग्रहातून आजचा रुसवा आलेला आहे. तापात मनुष्य बरळू लागला म्हणून त्याची मातृभाषा बदलत नाही, इतके ध्यानी घेतले तरी पुष्कळ आहे.

या समजुतीचा उत्तरार्धही तितकाच भ्रामक आहे : ताणाचा बाण सदैव अधोगतीकडे आणि सुरक्षिततेचा सदैव उन्नतीकडे. हेच हेडक्लार्क एप्रिलात महाबळेश्वरी गेले म्हणजे मनमोकळे हसतील, वेळापत्रक बाजूला ठेवतील, आणि हे त्यांच्या सुरक्षिततेच्या बाणावरील सातव्याचे चांगले अंग म्हणता येईल. पण त्याच निवांतपणात वैद्यांनी वर्ज्य सांगितलेली मिठाई, एवढे कष्ट केल्यावर आपला तेवढा हक्कच आहे अशी मनाची समजूत घालून, ते गुपचूप खातील, आणि तेही सातव्याचेच लक्षण आहे. जेथे आपल्याला निर्धास्त वाटते तेथे एकात्मतेच्या दिशेच्या प्रकारातील मध्यम प्रतीचे वर्तनही प्रकट होते, हे रिसो आणि त्यांचे सहकारी रस हडसन यांनीच पुढे शिकवले. बिअॅट्रिस चेस्टनट यांनी तर २०१३ सालच्या आपल्या ग्रंथात ताणाच्या बिंदूकडेच विकासाची वाट म्हणून पाहिले आहे. एकाच रेषेचा अर्थ आचार्यागणिक पालटतो, आणि तरीही ती रेषा सिद्ध नियम म्हणून वर्गात शिकवली जाते, याचा मला मनःपूर्वक विषाद वाटतो.

पुराव्याची स्थिती काय आहे? जोशुआ हुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजी'त एनिअग्रामविषयक १०४ स्वतंत्र नमुन्यांवरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. विश्वसनीयतेचा व यथार्थतेचा पुरावा त्यांना संमिश्र आढळला. घटकविश्लेषणात बहुधा नऊहून कमीच घटक निघाले. आणि शेजारच्या प्रकारांचे 'पंख' किंवा बाणांवरून होणारे संक्रमण यांना आधार देणारे संशोधन अत्यल्प असल्याचे त्यांनी नोंदवले. ज्याला शंका असेल त्याने कागद घेऊन स्वतःच मोजून पाहावे : आपला एक अंक, दोन पंख आणि दोन बाण मिळून प्रत्येकाच्या वाट्याला नवांपैकी पाच प्रकार येतात. मनुष्य कसाही वागला तरी या पाचांपैकी एखादा अंक त्याच्या वर्तनाला बहुधा लागू पडतोच, आणि जे विधान कोणत्याही वर्तनाने खोटे ठरू शकत नाही त्याने काहीही सिद्ध होत नाही. 'पण माझं वर्णन तर तंतोतंत जुळलं' हा दाखलाही पुरेसा नाही. बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिगत म्हणून एकच सर्वसामान्य वर्णन वाटले, आणि विद्यार्थ्यांनी त्याला पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हा प्रयोग १९४९ साली प्रसिद्ध झाला. परिस्थितीनुसार वर्तन पालटते हे मात्र खरेच आहे, आणि वॉल्टर मिशेल यांनी १९६८पासून त्याचा पद्धतशीर विचार केला. परंतु अमुक प्रसंगी अमुक मनुष्य कसा वागतो, याची त्याच्यापुरती नोंद करण्यास सर्वांना एकच नकाशा लागत नाही.

किरकोळ समजुतींना एकेक वाक्य पुरे. नऊ प्रकारांची ही विद्या प्राचीन सूफींची असल्याचा समकालीन लेखी पुरावा नाही. उलट तिच्या स्वामित्वाचा वाद अमेरिकेच्या अपील न्यायालयात १९९२ साली निकालात निघाला. पंख आणि बाण एक नव्हेत : पंख परिघावरचे शेजारी, बाण आतील रेषांचे. प्रश्नावलीत आलेला अंक हा निर्णय नसून अंदाज आहे.

स्वतःला पाहण्याचे निमित्त म्हणून कोणास ही आकृती उपयोगी पडत असेल, तर माझी हरकत नाही. त्याने आधी आपले ताणातील वर्तन, नकाशा न उघडता, तारीखवार लिहून काढावे आणि मगच तो पाहावा. परंतु ज्यांच्या सहीने नेमणुका, बढत्या आणि बदल्या होतात, त्यांना माझी विनंती आहे, की हे अंक कोणाच्याही सेवापुस्तकात चढवू नयेत, आणि चढवले असतील तर खोडून टाकावेत.