लेकीच्या घरातली गार खोली

लेकीच्या बाळंतपणासाठी ऐन डिसेंबरात अमेरिकेला गेलेल्या आयांची एक तक्रार हमखास असते. 'दिवाणखान्यात अगदी घाम फुटतो गं, आणि माझ्या खोलीत मात्र पाय गारठतात!' लेक न्यू जर्सी, न्यू यॉर्क, बोस्टनकडच्या शंभरेक वर्षं जुन्या घरात राहत असेल, तर दोष आईच्या वयाचा नाही, बहुतेक वेळा पाइपातल्या हवेचा असतो.

तिकडच्या बऱ्याच जुन्या घरांत अजूनही वाफेवरची ऊब आहे. तळघरात बॉयलर, तिथून छताला टांगलेला जाडजूड मुख्य पाइप, त्याला फुटलेल्या फांद्या आणि खोल्याखोल्यांत बिडाचे रेडिएटर. पाणी उकळतं, वाफ आपली आपण वर चढते, रेडिएटरमध्ये तिचं पाणी होतं आणि ते उतारावरून परत बॉयलरकडे येतं. वाफ ढकलायला पंप नाही की पंखा नाही. मला तर ही व्यवस्था फार हुशारीची वाटते.

मेख एवढीच, की बॉयलर बंद असताना सगळे पाइप हवेने भरलेले असतात. ती हवा बाहेर गेल्याशिवाय वाफेला पुढे सरकता येत नाही. हे आपल्याला नवं आहे का? कुकरच्या झाकणातून वाफेची सरळ धार लागली की मग शिटी ठेवायची, असं आई सांगायची ते यासाठीच. आधी आतली हवा जाऊ दे!

घरात ही हवा सोडण्यासाठी प्रत्येक रेडिएटरला छोटंसं व्हेंट असतं. पण मुख्य पाइपातली हवासुद्धा त्या बारीक भोकांतून काढायची, म्हणजे भरलेल्या एसटीतले प्रवासी खिडकीतून उतरवण्यातला प्रकार. म्हणून मुख्य पाइपाच्या शेवटाजवळ एक मोठं व्हेंट लागतं, मेन व्हेंट. हवा येते तोवर ते उघडं असतं, वाफ पोचली की तिच्या उष्णतेने आपोआप मिटतं. अनेक घरांत ते कधीच अडकून बसलेलं असतं, नाहीतर कुणीतरी काढून तिथे बूच मारलेलं असतं. मग बॉयलरजवळच्या खोल्या आधी तापतात. थर्मोस्टॅट नेमका तिथेच असतो. त्याला वाटतं, झालं घर गरम! तो बॉयलर बंद करतो आणि वाफ टोकाच्या खोलीपर्यंत पोचतच नाही. टोकाची खोली कुणाला दिलेली असते, ते सांगायला नकोच.

मग जावईबापू थर्मोस्टॅट वाढवतात, बिल फुगतं, दिवाणखान्याच्या खिडक्या उघडाव्या लागतात. आईच्या खोलीत एक्स्टेन्शनच्या वायरवर विजेचा हीटर येतो, तोही बाळाच्या दुपट्यांशेजारी. हे मात्र खरंच धोक्याचं, बरं का. काहीजण बॉयलरचा दाब वाढवून बघतात. त्याने काही साधत नाही. घराला दर चौरस इंचाला दोन पौंडांच्या आतला दाब पुरतो.

त्यापेक्षा प्लंबरला 'आमच्याकडे मेन व्हेंट आहे का, आणि ते चालतंय का?' असं थेट विचारावं. वाफेचं काम जाणणारे आता कमी झालेत. डॅन होलोहान यांनी १९९२ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच 'लॉस्ट आर्ट', म्हणजे हरवलेली कला, असे शब्द आहेत. पाइपाला जुनं आट्याचं भोक असेल तर काम सोपं, नाहीतर भोक पाडून आटे पाडावे लागतात. शेवटच्या वळणावरच व्हेंट बसवू नये. तिथे वाफेबरोबर वाहत आलेलं पाणी आदळतं आणि व्हेंट खराब होतं. वळणाच्या पंधराएक इंच अलीकडे, सहा ते दहा इंचांची उभी नळी घेऊन तिच्यावर बसवलेलं बरं. पाइप लांब असेल तर एकाने भागत नाही, दोन-तीन लावतात. हे सगळं बॉयलर बंद करून, पाइप गार झाल्यावरच.

आणि जुन्या पाइपांवरचं पांढरं, प्लास्टरसारखं वेष्टण कुणी खरवडू नये. ते अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. घरात तान्हं बाळ असताना तर नाहीच. आधी जाणकाराकडून तपासून घ्यावं.

एवढं झालं की टोकाच्या रेडिएटरला जलद हवा सोडणारं आणि बॉयलरजवळच्याला संथ व्हेंट लावून उरलेला फरक काढता येतो. आईने एवढंच करावं, रेडिएटरचा खालचा कॉक अर्धवट फिरवू नये. एकच पाइप असलेल्या रेडिएटरचा कॉक पूर्ण उघडा असावा, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवला तर पाणी आत अडकतं आणि रात्री कुणी हातोडा मारल्यासारखे ठोके ऐकू येतात. नुकतं झोपलेलं बाळ उठायला तेवढे पुरतात!