वाफाच कसदार नसेल तर रोप कसं धरणार?

गाभण शेळीचा खुराक कमी करायचा नाही, हे आपल्याकडं लहान पोरालाही कळतं. पण घरातल्या गरोदर बाईला मात्र "जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल" असं अजूनही सांगितलं जातं. उपासमारीचा पहिला फटका पोटात कुठं बसतो, ते उंदरांवरच्या प्रयोगांतून नीट कळतं.

उंदराची मादी साधारण २० दिवस गाभण राहते. चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात रुजतो. लगेच तिथल्या अस्तरातल्या पेशी भराभर वाढतात, फुगतात आणि ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा करून ठेवतात. आपल्या भाषेत हा रोपाचा वाफाच. पुढं दहाव्या दिवसाच्या सुमारास वार कामाला लागते, तोवर गर्भाची भिस्त या वाफ्यावर असते.

हा वाफा टिकतो प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर. १९५० च्या दशकाअखेरीस झालेल्या प्रयोगांत गर्भ रुजायच्या सुमारास माद्यांना ४८ तास उपाशी ठेवलं, तर बऱ्याच जणींचा गाभ टिकला नाही. उपाशी मादीच्या मेंदूकडून येणारा इशारा मंदावतो, प्रोजेस्टेरॉन घटतं आणि अस्तर तग धरत नाही. बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर गाभ वाचू शकतो. म्हणजे दोष बियाण्यात नव्हता, वाफ्यात होता. गाभणपणात बरेच दिवस अर्धपोटी ठेवलेल्या माद्यांची पिल्लंही वजनानं कमी भरतात.

आता उंदीर म्हणजे बाई नव्हे. २० दिवसांतले २ दिवस म्हणजे दहावा हिस्सा. बाईच्या २८० दिवसांत तो २८ दिवस होतो. त्यामुळं एखादा उपास घडला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण रोजचं अर्धपोटी राहणं वेगळं. नेदरलँडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्या आयांची बाळं कमी वजनाची जन्मली. सुरुवातीच्या महिन्यांत झळ बसली त्यांची बाळं वजनानं बरी होती, पण मोठेपणी त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला.

म्हणून पाळी चुकली की लगेच आशाताईला सांगा, अंगणवाडीत नाव घाला. तिथला आहार सगळ्या घरात वाटून खाऊ नका, तो तिच्याच ताटात पडू द्या. सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं खायची तिची सवय आधी मोडा.