‘किंगकाँग’च्या दोन कात्र्या

जुन्या साहसपटाच्या डीव्हीडीवर ‘संपूर्ण आवृत्ती’ असे छापलेले दिसले की, आधी कापले कोणी, हे विचारावे. १९३३च्या ‘किंगकाँग’ला दोनदा कात्री लागली. १९३८मध्ये आर.के.ओ.ने तो पुन्हा प्रदर्शित केला, तोवर हॉलिवुडची आचारसंहिता कडक झाली होती. काँग माणसांना चावतो, पायाखाली चिरडतो, नायिकेचे कपडे ओरबाडतो, ही दृश्ये गेली. पुढची तीन दशके प्रेक्षकांनी हा सोवळा काँगच पाहिला! १९७०च्या सुमारास जुन्या प्रतीतून ती दृश्ये परत जोडली गेली. १९८४मध्ये क्रायटेरियनने लेझरडिस्क काढली. तिच्यावर रोनाल्ड हॅव्हर चित्र चालू असतानाच त्याची हकिकत सांगतात. घरबसल्या असे भाष्य ऐकण्याची चाल इथूनच पडली.

त्याआधीची कात्री मात्र खुद्द कर्त्याची. दरीत पडलेल्या खलाशांवर राक्षसी कोळी तुटून पडतात, हा प्रसंग मेरियन कूपर यांनी प्रदर्शनापूर्वीच काढला. कथेची गती अडत होती. सेन्सॉरने नेलेले परत मिळावे, हा प्रेक्षकाचा हक्क. कर्त्याने टाकलेल्यावर तसा हक्क सांगता येत नाही, असे मला वाटते. कोळ्यांची ती फिल्म सापडलेलीच नाही. २००५च्या डीव्हीडीसाठी पीटर जॅक्सन यांनी जुन्याच तंत्राने तो प्रसंग नव्याने घडवला, आणि पुरवणी म्हणून वेगळा ठेवला.