बामणघळीचा फवारा आणि हातातला फोन

गुहागरहून दक्षिणेला हेदवीला गेलं की दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन बरेच जण खाली समुद्राकडे वळतात. तिथे उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद, लांबट चीर आहे. हीच बामणघळ. भरतीची लाट तिच्यात शिरली की पाण्याला पसरायला जागा उरत नाही. मागचं पाणी पुढच्याला रेटतं, कोंडलेली हवा दाबली जाते आणि फवारा उंच उसळतो. ओहोटीला मात्र तिथे नुसता कातळ.

आता या फवाऱ्याची काही सेकंदांची रील कुणीतरी टाकतं. इन्स्टाग्रामवर पूर्वी नवी पोस्ट सर्वांत वर दिसायची. २०१६ पासून क्रम यंत्र ठरवू लागलं. आपण कुठे थांबलो, काय पुन्हा पाहिलं, कुणाला पाठवलं, याची नोंद होते आणि त्यावरून पुढे काय दाखवायचं ते ठरतं. लोक थबकतात ते फवाऱ्यापाशी. त्यामुळे वाट पाहण्यात गेलेला वेळ, शेवाळलेला निसरडा खडक, पाय सांभाळत केलेली चढउतर हे सगळं रीलमधून गळून जातं. उरतो फवारा, आणि त्याला पाठमोरं उभं असलेलं माणूस. पुढच्याला तसाच फोटो हवा असतो, पण जरा जास्त जवळून. मला खरी काळजी वाटते ती या 'जरा जास्त'ची.

फोटो टाकून झाल्यावरही माणूस मोकळा होत नाही. फेसबुकने लाइकचं बटण २००९ मध्ये आणलं. लाइक किती आणि कधी येतील याचा भरवसा नसतो, म्हणून फोन पुन्हापुन्हा उघडला जातो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत हेच पाहिलं होतं: दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी चिकाटीने कळ दाबत राहतो. यात तरुण मुलींचं जे होतं ते फार वाईट आहे. फेसबुकच्या अंतर्गत अभ्यासाची जी कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली, त्यांत आपल्या शरीराविषयी आधीच नाखूश असलेल्या किशोरींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं असं सांगितलं होतं. हे कंपनीला ठाऊक होतं, याची मला चीड येते.

हे सगळं फुकट कसं चालतं? जाहिरातींवर. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाचं २०२३ चं उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होतं आणि ते जवळजवळ सगळं जाहिरातींचं होतं. आपण जितका वेळ थांबू तितक्या जाहिराती दिसणार. समुद्राची रील पाहिली की गॉगल, टोपी, रिसॉर्ट समोर येऊ लागतात. मग सहलच एक विकत घ्यायची वस्तू होऊन बसते, आणि वस्तू म्हटली की ती आपण पोहोचू त्या क्षणी हजर असावी असं वाटतं.

समुद्र मात्र तसा हजर नसतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरचे लोक पंचांगावरून हिशेब करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तिला जोर कमी. अमावस्या-पौर्णिमेला दुपारच्या सुमारास उधाण येतं. फवारा तेव्हाच देखणा असतो आणि घळीपासून लांब राहायचं तेही तेव्हाच. लाटा सारख्या येत नाहीत. चार लहान लाटांमागून एक मोठी येते, आणि कडेला पाठ करून उभ्या असलेल्याला ती दिसत नाही.

संकष्टीला गणपतीसाठी हेदवीला जाणार असाल तर चौथीची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमारास घळीकडे उतरा, कातळ जिथपर्यंत ओला दिसतो त्याच्या बऱ्याच मागे कोरड्यावर थांबा आणि तोंड समुद्राकडे ठेवा. पावसाळ्यात त्या कातळावर उतरूच नका.