एका रिळाच्या गोष्टी लिहिणारी अनिटा लूस

लॉस एंजेलिस : अमेरिकी मूकपटांच्या पहिल्या पर्वात पटकथा टपालाने विकल्या जात. बायोग्राफ कंपनीने १९१२ मध्ये २५ डॉलरना घेतलेली ‘द न्यूयॉर्क हॅट’ ही गोष्टही अशीच टपालाने आली होती. ती पाठवणारी अनिटा लूस कॅलिफोर्नियात राहत होती. तिचे वडील थिएटर चालवत आणि तिथे नाटकांच्या जोडीला छोटे चित्रपट दाखवले जात. फिल्मच्या डब्यावरचा पत्ता पाहून आपण कथा धाडली, असे ती सांगे. पुढे हा किस्सा सांगताना तिने स्वतःला शाळकरी पोर ठरवले. प्रत्यक्षात तिचा जन्म १८८८ चा. कथा विकली गेली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि लहानपणापासून रंगमंचावर कामे करत आली होती. एका पोरीला लागलेली लॉटरी म्हणून ही हकिगत सांगितली जाते, ते तिच्यावर अन्याय करणारे आहे. प्रेक्षक कुठे रंगतो आणि कुठे चुळबुळतो, हे तिला नाटकातूनच कळलेले होते.

टपालाने आलेल्या कथा घेण्याची वेळ कंपन्यांवर का आली, यामागे एक खटला आहे. पाच सेंटात खेळ दाखवणाऱ्या थिएटरांना सतत नवे चित्रपट लागत. सुरुवातीला कंपन्या गाजलेल्या कादंबऱ्या आणि नाटके न विचारता उचलत. केलेम कंपनीने १९०७ मध्ये ‘बेन हर’ या कादंबरीवरचा चित्रपट असाच केला. त्याची पटकथा जीन गाँटियर या अभिनेत्रीने लिहिली होती. प्रकाशक हार्पर ब्रदर्स कोर्टात गेले. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलेमच्या विरोधात निकाल दिला आणि कंपनीला २५,००० डॉलर मोजावे लागले. त्यानंतर स्वतंत्र कथा विकत घेणे स्वस्त पडू लागले.

एक रीळ सुमारे १,००० फुटांचे. पडद्यावर दहा ते पंधरा मिनिटांचे. त्यासाठी लिहायची पटकथा बहुधा दोन-तीन पानांत संपे. संवाद नसत, फक्त प्रसंगांचा क्रम असे. मोबदला एकदाच मिळे आणि कथेवरचा हक्क कंपनीकडे जाई. पडद्यावर लेखकाचे नाव येत नसे. बायोग्राफ तर त्या काळी नटांचीही नावे जाहीर करत नसे.

‘द न्यूयॉर्क हॅट’ डी. डब्ल्यू. ग्रिफिथने दिग्दर्शित केला आणि डिसेंबर १९१२ मध्ये तो प्रदर्शित झाला. मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो यानंतर पाच महिन्यांनी. ‘द न्यूयॉर्क हॅट’ची गोष्ट लहान गावातली आहे. कंजूष नवऱ्याच्या घरात राबून मरणपंथाला लागलेली आई पाद्र्याकडे थोडी साठवलेली रक्कम आणि एक पत्र ठेवते : मुलीला अधूनमधून हौसेचे काही घेऊन द्यावे. दुकानात दहा डॉलरची न्यूयॉर्कची हॅट येते. मुलीचा जीव तिच्यात अडकतो आणि पाद्री ती तिच्यासाठी घेतो. गावात कुजबुज सुरू होते, बाप हॅटच्या चिंध्या करतो. शेवटी पाद्री पत्र पुढे करतो आणि सगळ्यांची तोंडे बंद होतात. मुलगी मेरी पिकफर्ड, पाद्री लायोनेल बॅरिमोर.

बांधणीतले कसब पाहण्यासारखे आहे. पत्र प्रेक्षकाला आधीच माहीत आहे, गावाला नाही. त्यामुळे हॅट घालून ती चर्चकडे निघाली की पुढच्या बोलण्याची धास्ती प्रेक्षकालाच वाटते. एका वस्तूभोवती आई, बाप, पाद्री आणि सगळे गाव उभे करायचे आणि तेही पंधरा मिनिटांच्या आत, ही ताकद मोठ्या कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी आहे.

पुढच्या तीन वर्षांत लूसने सुमारे शंभर पटकथा लिहिल्या. हे क्षेत्र नवे होते, प्रतिष्ठेचे नव्हते, आणि कदाचित म्हणूनच स्त्रियांना मोकळे होते. गाँटियर, फ्रान्सिस मेरियन, जीनी मॅकफर्सन यांनीही त्यात नाव मिळवले. ग्रिफिथ ट्रँगल कंपनीत असताना लूसला तिथे आठवड्याला ७५ डॉलर पगार सुरू झाला.

तिचा खरा ठसा उमटला तो चित्रांच्या मध्ये येणाऱ्या मजकुरावर. तोवर ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ एवढेच सांगण्यासाठी या पाट्या वापरल्या जात. लूसने त्यांत विनोद आणला. ग्रिफिथच्या १९१६ मधल्या ‘इन्टॉलरन्स’च्या पाट्यांवर तिने काम केले, आणि त्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सच्या ‘द मिस्टरी ऑफ द लीपिंग फिश’ या दोन रिळांच्या प्रहसनाच्या पाट्याही लिहिल्या. प्रेक्षक पडद्यावर वाचूनही हसतो, हे तिने दाखवून दिले.

एव्हाना लांब चित्रपटांनी एका रिळाच्या गोष्टींना मागे टाकले होते. स्टुडिओंनी स्वतःचे कथाविभाग उभारले आणि चोरीच्या दाव्यांच्या भीतीने बाहेरून आलेली पाकिटे न उघडता परत जाऊ लागली. लूस तोवर आत पोचली होती. १९२५ मध्ये तिची ‘जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ ही कादंबरी गाजली आणि १९३२ मध्ये एमजीएमसाठी तिने ‘रेड-हेडेड वुमन’ची पटकथा लिहिली. पुढच्याच वर्षी हॉलिवूडच्या लेखकांनी आपली संघटना उभारली. पडद्यावर लेखक म्हणून कोणाचे नाव लागावे, हे ठरवण्याचा अधिकार स्टुडिओंकडून त्या संघटनेकडे यायला मात्र चाळीसचे दशक उजाडले.